कवितेचा कट्टा कसा चालवावा: बैठक, कवितांची देवाणघेवाण आणि जाहीर वाचन

चौथ्या-पाचव्या बैठकीपासून एक गोष्ट दिसायला लागते. आपली कविता वाचून झाली की माणूस वही मिटतो, फोन हातात घेतो आणि थोड्या वेळाने "निघतो हं, जरा घाई आहे" म्हणून उठतो. पुढच्या महिन्यात आणखी कुणी तेच करतो. शेवटी वाचणाऱ्यासमोर तिघंच उरतात आणि तीही आपला नंबर कधी येतो याकडे डोळे लावून बसलेली. मी ज्या गटांत वावरले त्यातले दोन असेच विरून गेले. तिसरा टिकला. तिथे वेळ, खुर्च्या, कागद, चर्चेचा क्रम, सगळं ऐकणाऱ्याच्या बाजूने ठरवलेलं होतं. कविता म्हणायला लोक आपणहून येतात, ऐकायला थांबवावं लागतं. खाली लिहिलेलं सगळं त्या एका अनुभवावर उभं आहे.

माणसं, दिवस, जागा

पाच-सहा जण पुरतात. सगळे कवी असायला हवेत असंही नाही. कविता मन लावून वाचणारी पण स्वतः न लिहिणारी दोन माणसं सुरुवातीपासून असतील तर त्यांना जपा. त्यांना वाचायचं काहीच नसतं, त्यामुळे ती पूर्ण वेळ ऐकतात आणि त्यांचं मत ऐकून कवी ताळ्यावर राहतात.

दिवस ठरवताना "सगळ्यांच्या सोयीने कळवू" म्हणू नका. सगळ्यांची सोय कधीच जुळत नाही आणि दरवेळी तारीख विचारण्यातच गट दमतो. महिन्याचा दुसरा शनिवार, संध्याकाळी सहा ते आठ, असं एकदा ठरवून टाका. तिघं आले तरी बैठक घ्या. एकदा रद्द केली की पुढच्या वेळी प्रत्येक जण "आज होणार आहे ना?" असं विचारूनच घरातून निघतो.

जागा बघायला जाल तेव्हा दार बंद करून दोन मिनिटं काही न बोलता उभे राहा. पंख्याची खरखर, बाजूच्या खोलीतला टीव्ही, जिन्यातली वर्दळ, सगळं तेव्हाच कळतं. कविता हळू आवाजात वाचली तरी शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचली पाहिजे. बैठकीसाठी खुर्च्या गोलात मांडा. रांगेत मांडल्या की पुढे बसलेला श्रोता आणि समोर उभा राहिलेला वक्ता अशी विभागणी आपोआप होते.

कामाची बैठक वेगळी, वाचन वेगळं

बहुतेक कट्टे इथे घसरतात. एकाच कार्यक्रमात कविता दाद घ्यायलाही वाचली जाते आणि दुरुस्तीसाठीही. वाचणाऱ्याला "वा!" ऐकायचं असतं, कुणीतरी मध्येच तिसऱ्या कडव्यातला यतिभंग, म्हणजे वृत्तातला चुकलेला थांबा, दाखवतो आणि दोघंही दुखावले जातात. म्हणून दोन प्रकार स्पष्ट वेगळे ठेवा. महिन्याची बैठक कामाची: अपुऱ्या, चाचपडणाऱ्या कविता घेऊन यायचं. दोन-तीन महिन्यांतून एकदा जाहीर वाचन: तिथे झालेल्या कविता आणायच्या, चर्चा नाही, फक्त ऐकणं.

कामाच्या बैठकीत किती कविता बसतात याचा हिशोब आधीच करा. दोन तासांची १२० मिनिटं. पहिली दहा जमण्यात जातात, मधली दहा पाय मोकळे करण्यात, शेवटची दहा पुढचं ठरवण्यात. उरली नव्वद. एका कवितेला बारा मिनिटं धरली तर सात कविता होतात आणि सहा मिनिटं शिल्लक राहतात. आठवी घेतली की सातवीवर अन्याय होतो. सदस्य बारा असतील तर पाळी लावा: या महिन्यात सात, पुढच्यात उरलेले पाच आणि दोन नवे.

कविता आधी हातात द्या

कविता बैठकीच्या तीन दिवस आधी सगळ्यांकडे पोचावी. कानांनी एकदा ऐकलेल्या कवितेवर माणूस फार तर "छान आहे" म्हणू शकतो. दोनदा वाचलेल्या कवितेवर तो बोलू शकतो.

व्हॉट्सॲपवर पाठवत असाल तर काही बारकावे सांभाळा. फोनच्या पडद्यावर लांब ओळ आपोआप तुटते आणि वाचणाऱ्याला कळत नाही की ओळ कवीने तोडली की फोनने. मुक्तछंदात तर ओळ कुठे मोडली यातच निम्मं काम असतं. त्यामुळे लांब ओळींची कविता पीडीएफ करून पाठवा. रंगीत फुलापानांच्या चित्रावर कविता टाकून पाठवू नका. त्यातला मजकूर शोधता येत नाही, आणि दृष्टिहीन सदस्याचं फोन वाचून दाखवणारं ॲप अशा चित्रातली कविता सहसा धड वाचू शकत नाही. टंकलेखन युनिकोडमध्येच हवं. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्याच्या यंत्रावर उघडली की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. कवितेखाली कवीचं नाव आणि तारीख मजकुरातच लिहा, कारण नाव नसलेली कविता दोन हात पुढे गेली की तिच्याखाली "अज्ञात" येतं आणि चार हात पुढे गेली की भलत्याच मोठ्या कवीचं नाव.

आणखी एक सावधगिरी. अनेक नियतकालिकं आणि स्पर्धा "अप्रकाशित कविता" मागतात आणि समाजमाध्यमावर सगळ्यांना दिसेल अशी टाकलेली कविता त्यांतल्या काही जणांच्या लेखी प्रकाशित ठरते. म्हणून गटातली कविता गटाबाहेर न्यायची नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगा आणि नव्या सदस्याला दरवेळी पुन्हा सांगा.

बैठकीला छापील प्रती लागतातच. डाव्या समासात दर पाचव्या ओळीला आकडा घाला, म्हणजे "ते मधलं कडवं, नाही का, त्याच्या जरा खाली" असं बोलण्यात वेळ जात नाही. "ओळ १५" म्हटलं की सगळ्यांची बोटं एकाच जागी जातात.

वर्षातून एक-दोनदा निनावी बैठक घ्या. हायकू, म्हणजे तीन ओळींची छोटी कविता, लिहिणाऱ्या जपानी कवींची कुकाई नावाची जुनी पद्धत आहे. प्रत्येक जण आपले हायकू चिठ्ठ्यांवर लिहून देतो, चिठ्ठ्या मिसळल्या जातात आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून दुसऱ्याच माणसांकडून उतरवून घेतल्या जातात. मग प्रत्येक जण आवडलेले निवडतो. निवडलेला हायकू मोठ्याने वाचला गेला की त्याचा कर्ता आपलं नाव सांगतो. आपल्याकडे एकाने सगळ्या कविता एकाच फॉन्टमध्ये, नावाशिवाय छापून आणल्या तरी तेवढंच काम होतं. गटात कुणी ज्येष्ठ, पुस्तकं छापून आलेला कवी असेल तर ही बैठक त्याच्यासाठीही मोलाची असते. त्याच्या कवितेवर खरं बोललं जाण्याची संधी त्याला एरवी फारशी मिळत नाही.

चर्चेचा क्रम

गटाचं भलंबुरं बहुतांश याच बारा मिनिटांत ठरतं, म्हणून इथे जरा सावकाश.

आधी कवीने कविता वाचायची, प्रस्तावना न करता. "ही कविता मी अमुक प्रसंगी लिहिली, खरं तर हिच्यात..." हे सुरू झालं की बैठक चालवणाऱ्याने हसून थांबवावं. कवितेबाहेर जे सांगावं लागतं ते कवितेत आलेलं नसतं आणि नेमकं तेच आपल्याला शोधायचं आहे.

मग तीच कविता दुसऱ्या कुणीतरी वाचायची. या एका पायरीने मला जितकं शिकवलं तितकं दुसऱ्या कशाने नाही. परका आवाज जिथे अडखळतो तिथे ओळ अडखळलेली असते. जिथे तो भलत्या शब्दावर जोर देतो तिथे कवीच्या मनातला जोर कागदावर उतरलेला नसतो. वृत्तातली किंवा गझलेतली मात्रा चुकली असेल तर ती कवीच्या सरावलेल्या गळ्यात लपते, दुसऱ्याच्या तोंडी लगेच उघडी पडते. कवीने त्या वेळी हातात पेन्सिल ठेवावी आणि अडखळण्याच्या जागी फक्त टिंब द्यावं.

त्यानंतर एक मिनिट कुणी बोलायचं नाही. पहिल्यांदा हे मिनिट फार लांब वाटतं. तरी पाळा.

मग फेरी. प्रत्येकाने "माझ्याजवळ काय राहिलं" एवढंच सांगायचं: एखादा शब्द, एखादं चित्र. आवडलं-नावडलं अजून नाही. दुसऱ्या फेरीत प्रश्न. तिसऱ्या फेरीत, वेळ उरली तर, सूचना. या सगळ्या वेळात कवी गप्प बसतो आणि लिहून घेतो. शेवटची दोन मिनिटं त्याची.

प्रश्नांची फेरी सूचनांच्या आधी का, ते एका बैठकीत मला लख्ख दिसलं. एका सदस्याने आणलेल्या कवितेत या ओळी होत्या:

आई गेल्यावर
तिच्या चष्म्याच्या घरात
चष्मा तसाच मिटून बसलेला
जणू दुःखाच्या सागरात बुडालेला

पहिल्या फेरीत जवळजवळ सगळ्यांनी "चष्म्याचं घर" म्हटलं. शेवटची ओळ कुणाच्याच जवळ राहिली नव्हती. मग एका न लिहिणाऱ्या बाईंनी विचारलं, "चष्मा मिटला कुणी?" खोलीत थोडा वेळ शांतता होती. शेवटी कवीची दोन मिनिटं आली तेव्हा तो म्हणाला, "मीच. हॉस्पिटलमधून आणलेल्या पिशवीत उघडाच होता." पुढच्या महिन्यात तो ओळी अशा घेऊन आला:

आई गेल्यावर
तिच्या चष्म्याच्या घरात
चष्मा
मी मिटून ठेवला

"शेवटची ओळ घासून गुळगुळीत झालेली आहे, काढा" असं कुणी सरळ म्हटलं असतं तर ते खरंच होतं. पण त्यातून ओळ फक्त गेली असती. प्रश्नामुळे तिच्या जागी मुलाचा हात आला.

एवढंच लक्षात ठेवा: असं दुःख घेऊन आलेल्या माणसाला आधी विचारावं, "ही चर्चेसाठी आहे, की आज फक्त ऐकायची?" त्याने "फक्त ऐका" म्हटलं तर ऐकावं, प्रत बाजूला ठेवावी आणि पुढच्या कवितेकडे वळावं. ओल्या जखमेवर यतिभंग दाखवायचा नसतो.

नव्याने आलेल्याला पहिल्या बैठकीत वाचायला लावू नका. दुसऱ्याची कविता वाचायचं काम द्या. आवाज फुटतो, भीती जाते आणि आल्या आल्या तो ऐकणाऱ्यांत सामील होतो.

जाहीर वाचन ठरवताना

सहा आठवडे आधी सुरुवात करा. तारीख पक्की करण्यापूर्वी आसपासच्या इतर गटांचे कार्यक्रम बघा. २७ फेब्रुवारी, म्हणजे कुसुमाग्रजांचा जन्मदिवस आणि मराठी भाषा गौरव दिन, आणि २१ मार्च हा युनेस्कोने १९९९ साली जाहीर केलेला जागतिक कविता दिन, या दोन तारखांच्या आगेमागे बहुतेक मंडळींचं काही ना काही असतं. तेव्हा एकत्र येऊन एकच कार्यक्रम करावा किंवा सरळ दुसरा महिना धरावा. ऐकणारे सगळीकडे तेच असतात, त्यांना वाटून घेऊ नये.

कवी किती? माझं मत ठाम आहे: निमंत्रित तीन, फार तर चार. वसंत बापट, विंदा करंदीकर आणि मंगेश पाडगावकर या तिघांनी वर्षानुवर्षं एकत्र काव्यवाचन करून सभागृहं भरली. तीन माणसं, तीन अगदी वेगळे आवाज. ऐकणाऱ्याला प्रत्येक कवीशी ओळख करून घ्यायला वेळ मिळतो. पंधरा कवींना प्रत्येकी दोन कविता दिल्या तर ओळख कुणाशीच होत नाही आणि आभारप्रदर्शनाला सगळे घड्याळ बघत असतात. तिघं निवडताना पोत वेगळा बघा: एक छंदात लिहिणारा, एक मुक्तछंदात, एक गझल किंवा बोलीतली कविता म्हणणारा.

त्यानंतर अर्धा तास खुल्या मंचासाठी, म्हणजे जमलेल्यांपैकी ज्याला वाचायचं असेल त्याच्यासाठी. इथे वेळेचा नियम लेखी हवा. १९८०च्या दशकात शिकागोत मार्क स्मिथ या बांधकाम मजुराने पोएट्री स्लॅम हा काव्यवाचनाच्या स्पर्धेचा प्रकार रुजवला. त्यात पुढे रूढ झालेला नियम तीन मिनिटांचा आहे, वर दहा सेकंदांची सवलत, त्यापुढे गुण कापले जातात. आपल्याला गुण कापायचे नाहीत, पण तीन मिनिटं हे माप उत्तम आहे. वीस-पंचवीस ओळींची कविता नीट थांबे घेऊन वाचली तर दीड-दोन मिनिटं लागतात. म्हणजे एक कविता आरामात होते आणि दोनाचा मोह होत नाही. अर्ध्या तासात आठ जण, दहा नव्हे. उठून येणं-जाणं, माइक खालीवर करणं, टाळ्या, यालाही वेळ लागतो. नावं दारातच लिहून घ्या आणि क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा, म्हणजे उशिरा येऊन आधी वाचून निघून जाण्याची वाट बंद होते.

निवेदन लिहिताना

कार्यक्रमाच्या निवेदनात वार आणि तारीख दोन्ही लिहा. "शनिवार, १४" असं लिहिलं की चूक असेल तर कुणीतरी लगेच पकडतं. नुसती "१४ तारखेला" असेल तर चुकीची तारीखही बिनबोभाट फिरते. वेळ लिहिताना "सहा वाजता" पुरत नाही: दार कधी उघडणार, वाचन कधी सुरू होणार, कधी संपणार. संपण्याची वेळ लिहिलेली असली की लांबून येणारी माणसं, लहान मुलं असलेल्या आया, परतीच्या बसची चिंता असलेले वडीलधारे येण्याची हिंमत करतात. जिना आहे का, लिफ्ट आहे का, चाकाची खुर्ची आत येते का, हेही एका ओळीत सांगा. खुल्या मंचासाठी नाव कधीपर्यंत द्यायचं, प्रवेश मोफत की नाही, आणि विचारपूस करायला एका माणसाचा नंबर, अर्थात त्या माणसाला आधी विचारूनच.

निवेदन तीनदा जावं: तीन आठवडे आधी, एक आठवडा आधी आणि त्या दिवशी सकाळी. काही बदललं तर जुन्या निवेदनाखाली उत्तर म्हणून लिहू नका, पूर्ण नवं निवेदन काढा आणि वर "सुधारित" असं टाका. एकदा जागा बदलल्याचा निरोप गप्पांच्या ओघात खाली गेला आणि दोन म्हातारे श्रोते बंद दारासमोर पाऊण तास उभे राहिले. ते पुन्हा आले नाहीत.

आपल्या कार्यक्रमांबरोबर इतर गटांच्या वाचनांचीही यादी ठेवा आणि प्रत्येक बैठकीच्या शेवटी वाचून दाखवा. एकाने तेवढंच काम अंगावर घ्यावं.

त्या दिवशी

माइक ओठांपासून चार बोटं दूर आणि किंचित बाजूला. थेट तोंडासमोर धरला की प, फ, ब, भ यांचे फटके बसतात आणि ऐकणारा दचकतो. आपल्या कवितेत "फूल" आणि "पाऊस" काही कमी नसतात. कागदावर अक्षर १६ पॉइंटचं आणि पान कडव्याच्या शेवटी संपणारं, म्हणजे पान उलटण्याचा आवाज ओळीच्या मध्ये येत नाही. फोनवरून वाचणार असाल तर पडदा विझणार नाही आणि फोन वाजणार नाही याची सोय आधी करा. कविता घरी तीनदा, उभं राहून, मोठ्याने वाचा. मनातल्या मनात वाचलेली कविता श्वास कुठे घ्यायचा ते सांगत नाही.

सूत्रसंचालकाने दोन कवींच्या मध्ये तिसऱ्याच कवीच्या ओळी म्हणू नयेत. नुकत्याच ऐकलेल्या कवितेला मनात मुरायला जागा हवी असते, ती जागा शेरोशायरीने भरली की कविता पुसली जाते. नाव, दोन वाक्यांची ओळख आणि बाजूला. दाद मात्र मोकळी असू द्या. गझलेचा मिसरा, म्हणजे ओळ, पुन्हा म्हणायला लावणं, ओव्यांना मान डोलावणं हे सगळं वाचणाऱ्याला उचलून धरतं. फक्त मुक्तछंदाच्या कवितेत शेवटची ओळ पूर्ण खाली बसेपर्यंत थांबा.

दुसऱ्याची कविता आणि परवानगी

दर वाचनात प्रत्येकाने एक कविता दुसऱ्या कवीची वाचावी, असा पायंडा पाडला तर गटाचा कान झपाट्याने तयार होतो. नाव कविता सुरू करण्याआधी सांगा, शेवटी नव्हे. जुन्या संतकवींची रचना कुणालाही वाचता, छापता येते. अलीकडच्या कवींचे हक्क मात्र असतात: लेखनहक्कांच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारातली किमान मुदत कवीच्या मृत्यूनंतर ५० वर्षं, भारतात ६०. छापायचं, ध्वनिमुद्रण करायचं किंवा चित्रफीत फिरवायची असेल तर परवानगी मागा. आपल्या गटातल्या कवींनाही विचारा. "चित्रित करू का?" आणि "बाहेर टाकू का?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्हींची उत्तरं वेगळी असू शकतात.

वर्षाअखेरची पुस्तिका

बैठकीतल्या प्रती तारखेनुसार एका फाइलमध्ये लावत गेलात तर वर्षाअखेर त्यातून छोटी पुस्तिका निघते. १९५४ साली दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी "शब्द" हे अनियतकालिक सायक्लोस्टाइल करूनच, म्हणजे मेणकागदाच्या साच्यावरून प्रती काढून, काढलं होतं. आपल्याला साधा प्रिंटर पुरे.

ए-फोर आकाराचे चार कागद दोन्ही बाजूंनी छापून मध्ये दुमडले की सोळा पानं होतात. पानांचा क्रम लावताना गोंधळ होतो, त्यावर एक सोपी खूण: कागदाच्या एका बाजूला शेजारी येणाऱ्या दोन पानांची बेरीज नेहमी १७. सगळ्यात बाहेरच्या कागदावर वरच्या बाजूला १६ आणि १, त्याच्या पाठीवर २ आणि १५. पुढच्या कागदावर १४ आणि ३, पाठीवर ४ आणि १३. असं करत सगळ्यात आतल्या कागदाच्या आतल्या बाजूला ८ आणि ९ समोरासमोर येतात. पान १ मुखपृष्ठ, २ वर गटाची माहिती आणि वर्षभरातल्या वाचनांच्या तारखा, १६ कोरं. उरतात तेरा पानं, म्हणजे फार तर तेरा कविता. समोरासमोर येणाऱ्या ८ आणि ९ वर लांब कविता ठेवा, म्हणजे ती पान न उलटता वाचता येते. दुमडीवर दोन टाचण्या मारा, मोठ्या गळ्याचा स्टेपलर नसेल तर सुईदोऱ्याने तीन टाके घाला.

आमच्या पहिल्या पुस्तिकेत ८ आणि ९ वर चष्म्याची कविता होती. शेवटच्या दोन ओळी एकट्याच ९ व्या पानावर आल्या, वर-खाली सगळं पान मोकळं. पान लावणाऱ्या मुलीने "ओळी वर घेऊ का?" विचारलं. कवीने त्या तशाच ठेवायला सांगितल्या.